कालवांचा खडक

आमच्या धरणाचं पाणी सावकाश चालतं. दिवाळी सरली की उतरायला लागतं, होळीनंतर काठचा गाळ उघडा पडतो आणि त्या गाळात आम्ही काकड्या, कलिंगडं लावतो. परत येतं ते आषाढात. तेही असं, की वेल उपटून घरी न्यायला माणसाला सवड मिळावी. मुळशीच्या काठावर जन्म काढलेली माणसं आम्ही. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं तेच शहाणं पाणी येतं.

म्हणून समुद्राची मला पहिल्यापासून धास्ती वाटली. कोणाला सांगितलं नाही, एवढंच.

गेलो होतो कीर्तनाला. कोकणात नांदबंदर म्हणून एक जुनं गाव आहे. तिथल्या देवीची चैत्री पुनवेला जत्रा असते आणि यंदा संध्याकाळच्या कीर्तनाचं आमंत्रण आमच्या गौतमीताईला होतं. गौतमी माणची, आमच्याच तालुक्यातली. तिच्या वडिलांनी भाताच्या खाचरांवर खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या, भाऊ दिवसभर जिममध्ये असतो, आणि ही एकटी लहानपणापासून आमच्या सप्त्यात यायची, माझ्या सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून बसायची. आता पंचविशीची झाली. बुक्का लावून उभी राहिली आणि पहिला स्वर लावला की माझी दिवसभराची कंबरदुखी कुठं जाते ते कळत नाही. खोटं नाही सांगत.

तिला पखवाजाची साथ आमचे हे करतात, म्हणजे गेणबा. मी मागं टाळ धरते. आणि सासूबाई, कृष्णाबाई, काहीच करत नाहीत. पण गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात. सत्तरी कधीच ओलांडली, गुडघे गेले, बोललेलं नीट ऐकू येत नाही. तरी टाळ कोणाचा चुकला ते शेवटच्या रांगेतून सांगतात.

आमच्या गावच्या कैलासची ट्रॅव्हलर आठवडाभर कंपन्यांत माणसं पोचवते. तिच्यात बसून आम्ही ताम्हिणीतून खाली उतरलो, आणि नांदबंदरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. समुद्र मी तेव्हा बघितलाच नाही, फक्त ऐकला. देवळाच्या ओवरीत पडल्यावर त्याचा घोष कानाशी येत राहिला. आमचं धरण झोपतं. हा झोपत नव्हता.

सकाळी लवकर उठून गाव बघायला निघालो. बाकीचे टाळकरी अंघोळीच्या रांगेत, कैलास गाडी धुतोय, म्हणून आम्ही चौघंच. गाव मोठं देखणं. चिऱ्याच्या भिंती, अंगणात पोफळी, गल्ल्या एवढ्या अरुंद की यांचा पखवाज, जो हे कुठंच मागं ठेवत नाहीत, दोन्ही बाजूंना घासत होता. जुन्या बंदराची कमान अजून उभी आहे, तिच्या दगडांतून पिंपळ निघालाय. कमानीतून बाहेर पडलं की एकदम उजेड, आणि समोर पाण्यात उभा असल्यासारखा डोंगर, त्याच्या माथ्यावर किल्ला. गावापासून डोंगरापर्यंत वाळूचा एक लांब पट्टा गेलेला. तिथली माणसं त्याला दांडा म्हणतात. दोन्ही बाजूंना समुद्र आणि मधून ही ओली, रुंद वाट.

आमच्याबरोबर देवळाचे गुरव कमानीपर्यंत आले होते. म्हणाले, "वर देवीचं मूळ ठाणं आहे. जाऊन या. आत्ता दांडा उघडा आहे. पण पाणी बघून जा हो, आज पुनव."

"पानीच बघत म्हातारं झालो, गुरव," हे हसून म्हणाले.

आणि खरंच यांनी पाणी बघितलं. आमच्याकडं बघतात तसं. धरणाच्या काठाला बी टाकायचं असलं की पाण्याच्या कडेला काठी रोवायची. थोड्या वेळानं यायचं. पाणी काठीच्या खाली गेलं असलं तर उतरतंय, काठीला भिडलं असलं तर थांबलंय, वर चढलं असलं तर बी परत पिशवीत. यांनी कुंपणातली एक काठी आणली, पाण्याच्या अगदी कडेला रोवली आणि वाळूत बसून पखवाजाच्या वाद्या आवळत राहिले. आम्ही शंख वेचले. परत येऊन बघितलं तर पाणी काठीला चिकटून तसंच उभं.

"बघ. बोटभर बी हाललं न्हाई."

गौतमी म्हणाली, "काका, समुद्राला भरती असते. शाळेत शिकवतात."

"आसंल की. पर काठी खोटं बोलंल व्हय?"

गौतमीनं काठीकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, आणि हसून पदर खोचला. मीही बघितलं. काठी खोटं बोलत नव्हती. ओहोटी संपून भरती लागण्याआधी समुद्र घटकाभर थबकतो, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही नेमकी त्या थबकण्यात काठी रोवली होती.

डोंगर जवळ आला तशा सासूबाई थांबल्या. वाळूत पाय रुतत होते आणि गुडघे बोलायला लागले होते. तिथं दांड्याच्या मधोमध एक काळा खडक आहे, बाजेएवढा, वरून सपाट. यांनी त्यांना धरून वर बसवलं.

"ह्ये काय टोचतंय गं अनसे?" त्या म्हणाल्या. सगळ्या खडकाला धारदार शिंपल्या चिकटल्या होत्या, अगदी माथ्यापर्यंत. मी माझी शाल चौपदरी करून खाली घातली, छत्री उघडून हातात दिली, पिशवी शेजारी ठेवली.

"आये, उनाची कातावू नगं. आमी आलोच," हे म्हणाले.

"जा रं बाबा निवांत. देवीला माझा बी नमस्कार सांगा. मी हितं नाम घेत बसते, हवा ग्वाड हाय."

आम्ही वर गेलो. पायऱ्या पडलेल्या, मधे मधे करवंदीच्या जाळ्या. महादरवाज्यात थंडगार अंधार होता आणि वटवाघळांचा वास. आत गेल्यावर तटाच्या कडेनं गंजलेल्या तोफा, कोरडा हौद, आणि दगडी घुमट असलेलं देवीचं देऊळ. देवीपुढं गौतमीनं नुसता आकार लावला तर घुमटानं तो धरून ठेवला, सोडायलाच तयार नाही. मग काय, यांनी कणीक लावून पखवाज जुळवला, मी टाळ घेतले. एक पद झालं, दुसरं झालं. असं गाणं की डोळे उघडू नयेत वाटावं. तेवढा वेळ मी भ्यायचं विसरले होते.

बाहेर आलो तर दारात एक बाई कोकम सरबताचा हंडा घेऊन बसली होती. दीपाली नाव, गावातल्या कोळ्यांची सून.

"काय गळा आहे ताईंचा!" ती म्हणाली. "सावलीत बसा. सरबत घ्या. आता काय, संध्याकाळपर्यंत इथंच आहात."

"संध्याकाळपतुर?" मी म्हणाले. "न्हाई गं बाई, आमची म्हातारी खाली बसलीया."

"खाली कुठं?"

"वाळूत खडक हाय न्हवं काळा, त्याच्यावर."

तिचा हंड्यातला हात तसाच राहिला. "कालवांच्या खडकावर? काकू, दांडा तर मघाच गेला. आता दिवस कलल्यावर उघडेल."

"गेला म्हंजी?" यांनी विचारलं.

"पाण्याखाली. आणि तो खडकपण जातो पुनवेला. कालवं लागलीत त्याला माथ्यापर्यंत, बघितलीत ना? पाण्याशिवाय धरतात होय ती?"

आम्ही बुरुजाकडं धावलो. खाली वाळू नव्हतीच. जिथून आम्ही चालत आलो तिथं दोन्हीकडून पाणी येऊन मधे एकमेकांवर आपटत होतं आणि पांढरी रेघ उठत होती. त्या रेघेच्या मधे काळा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर दुसरा, छत्रीचा.

यांच्या तोंडून आवाज निघाला तो मी लग्नापासून कधी ऐकला नव्हता. वासराला कुत्र्यानं धरल्यावर गाय ओरडते तसा. पखवाज गळ्यात तसाच आणि हे पायऱ्या उतरायला लागले. त्यांच्या मागं मी, दीपाली हंडा सोडून माझ्या मागं. गौतमी पळता पळता कैलासला फोन लावत होती. "कैलासदादा, होडी! कुठलीपण होडी! आजी पाण्यात आहे!" मधेच रेंज जायची, की ती थांबून परत तेच ओरडायची. मी देवाचं नाव घेत होते म्हणायला, पण जिभेवर एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि तो देवाचा नव्हता. आत्याबाई, आत्याबाई. सासूबाईंना मी तेच म्हणते.

खाली पोचलो. खडक आमच्यापासून एका खाचराच्या अंतरावर असेल, जास्त नाही. मधे पाणी. दिसायला फार नव्हतं, कमरेएवढं वाटत होतं. सासूबाई बसल्या होत्या, छत्री खांद्यावर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. पाणी खडकाच्या अर्ध्यावर चढलं होतं.

हे पखवाज माझ्या अंगावर टाकून सरळ आत शिरले. धरणात या टोकापासून त्या टोकाला पोहत जाणारा माणूस. मांडीएवढ्या पाण्यात गेले आणि पायाखालची वाळूच सरकली. आडवे झाले, डोकं खाली गेलं, वर आलं ते भलतीकडंच. दीपाली गळा फाडून ओरडली, "दादा, मागं या! दोन समुद्र भेटतायत तिथं, आमचे लोकपण नाही शिरत!" मी पखवाज कोरड्या वाळूत ठेवून कमरेपर्यंत गेले, यांचा हात सापडला, दोघींनी मिळून ओढलं. वाळूत पडले आणि खारं पाणी ओकले.

"आये!" ते तसेच उठून ओरडले. "आये, हलू नगं!"

वारा आमच्याकडून तिकडं होता, तरी त्यांना शब्द कळेनात. पण डोळे उघडले. आम्हाला बघितलं. आम्ही हात वर करून हलवत होतो. थांबा, थांबा. त्यांनी आपल्या भोवतालचं पाणी बघितलं, परत आमच्याकडं बघितलं, मान डोलावली. मग छत्री मिटली, शाल गोळा केली, पिशवी काखेत मारली.

"अगं बाई, त्यांना वाटतंय आमी बोलावतोय," मी म्हणाले.

त्यांना तसंच वाटलं होतं. आमचं धरणकाठचं माणूस ते. पाणी आलं तर लुगडं वर धरायचं आणि चालत निघायचं, तळ ठाऊकच असतो. त्यांनी एक पाय खाली सोडला. पोटरीपर्यंत भिजला. दुसरा हात खडकावर टेकून त्या कडेला सरकल्या. आम्ही जेवढे हात हलवू तेवढ्या त्या घाई करत होत्या. हे परत पाण्याकडं धावले, दीपालीनं त्यांचा सदरा मागून धरला, तो फाटला. मला वाटलं, आता बघायचं नाही. मी डोळे झाकले.

आणि माझ्या शेजारी गौतमीनं नाम लावलं.

"जय जय रामकृष्णहरी..."

तिचा तो कीर्तनातला उभा आवाज, पहिला, वरचा. मी डोळे उघडले. तिनं पदर खोचला होता, पाय जुळवून उभी होती, वाळूत नाही तर जशी काही देवापुढं.

सांगायला हवं ते हे, की कीर्तन सुरू झालं आणि कृष्णाबाई मधेच उठून गेल्या असं आमच्या पंचक्रोशीत कोणी बघितलेलं नाही. कीर्तनातून उठणारा देवाकडं पाठ करतो, असं त्या मानतात. एकदा सप्त्यात वादळानं मांडवाचं कापड फाटून गेलं, लाइट गेले, बायका पोरं घेऊन पळाल्या. वीज चमकली तेव्हा दिसलं, मांडवात तिघंच राहिलीत. बुवा, वीणेकरी आणि चिंब भिजलेल्या आमच्या सासूबाई. आरती होईपर्यंत हलल्या नाहीत. गौतमी तेव्हा लहान होती, तिला आईनं ओढून नेलं होतं, आणि ती रस्ताभर रडली होती की आजी राहिल्या. तिला हे ठाऊक होतं.

"काका, वाजवा," ती न वळता म्हणाली. "काकू, टाळ. मोठ्यांदा."

यांचे हात ओले. ओल्या हातांनी पखवाजाचं कातडं बसतं. यांनी माझ्या पदराला हात पुसले, पखवाज गळ्यात घातला. मग पहिली थाप पडली. मी टाळ आपटले.

आत्याबाईंनी मान वर केली. बोललेलं ऐकू येत नाही, पण टाळ ऐकू येतो, आणि गौतमीचा कीर्तनातला चढा शब्दही. त्या तशाच राहिल्या, एक पाय पाण्यात, एक वर. आमच्याकडं बघत. मग हळूच तो पाय वर ओढून घेतला. शाल परत अंथरली. पिशवीतून आपले छोटे टाळ काढले आणि मांडी घालून बसल्या.

"आता थांबायचं नाही," गौतमी दोन ओळींच्या मधे म्हणाली. "मी थांबले की त्या उठतील."

तिकडून कैलासचा फोन आला. दीपालीनं घेतला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बघून मला कळलं. खाडीत होड्या चिखलात बसल्या होत्या. पाणी चढल्याशिवाय तरंगणार नव्हत्या. माणसं तयार होती, इंजिन तयार होतं, पाणीच अजून तिथं पोचलं नव्हतं. जे पाणी आत्याबाईंपर्यंत येऊ नये म्हणून मी देवाला आळवत होते, तेच पाणी खाडीत लवकर चढावं म्हणूनही आळवायचं! देवानं तरी काय ऐकावं?

गौतमीनं निरूपणाला तोंड फोडलं. कीर्तन म्हटलं की दृष्टान्त हवा, आणि ती अडखळली. मला कळलं का. तिच्या मनात जी गोष्ट येत होती तिच्यात पाणी होतं. नदी, डोह, नाव, पूर. देवाच्या गोष्टींत पाणी किती आहे ते मी त्या दिवशी मोजलं. शेवटी तिनं स्वतःचीच एक रचली. एक बाई चुलीपुढं बसलीय, भाकरी थापतेय, आणि दारात देव भुकेला आलाय. तिनं सगळी गोष्ट चुलीपाशीच ठेवली. विस्तव, राख, तवा, फुगलेली भाकरी. ती देवाला जेवायला बसवी आणि पहिला घास संपेना. दुसरी भाकरी, तिसरी भाकरी. पीठ संपलं तर शेजारणीकडून आणायला लावी. आणि समोर पाणी खडकाच्या माथ्याला लागलं.

आधी शालीचं टोक काळं झालं. मग पिशवी हलली, कडेला गेली आणि तरंगत निघाली. आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. छत्री त्यांनी मांडीखाली दाबून धरली होती, ती एका लाटेनं ओढून नेली. प्रत्येक लाट यायची, त्यांच्या मांडीवरून जायची, आणि त्या टाळ वर धरायच्या, ओले होऊ नयेत म्हणून. लाट गेली की परत तालावर.

"आये गं," हे पुटपुटत होते. "आये, माझी काठी... आये..." आणि हात मात्र ठेका सोडत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पखवाजावर पडत होतं. मी पदरानं कातडं पुसत होते. तेवढंच मला करता येत होतं.

गौतमीचा आवाज फाटायला लागला. वरच्या सुरात तो तुटायचा, ती तो गिळून खालून परत उचलायची. दीपाली टाळ्या वाजवत होती आणि डोळे खाडीच्या तोंडाकडं.

"आली!" ती किंचाळली.

होडी आली. पुढच्या टोकाला कैलास, मागं दोन कोळी. पण खडकाजवळ येईनात. पाणी तिथं असं उसळत होतं की होडी आपटून फुटली असती. ते वळसा घालून पलीकडच्या बाजूनं आले, म्हणजे आत्याबाईंच्या पाठीमागून. पाणी आता त्यांच्या कमरेवर होतं. बसल्या जागी प्रत्येक लाटेला त्या जराशा उचलल्या जात होत्या आणि परत टेकत होत्या.

कैलास ओरडला. त्यांना ऐकू आलं नाही. त्यानं वल्ह्यानं त्यांच्या खांद्याला हलकंच डिवचलं. त्या वळल्या, होडी बघितली, कैलासला बघितलं, आणि हात वर करून त्याला गप्प बसायची खूण केली. कीर्तन चालू आहे.

"आजी, उठा!" तो तिकडून रडकुंडीला येऊन ओरडत होता. "आजी, बुडाल! कीर्तन गेलं खड्ड्यात!"

"गौतमे, थांब," हे म्हणाले. "थांब, म्हंजी उठंल ती."

"थांबले तर आपल्याकडं यायला उठतील, काका. पुढं पाय टाकतील." गौतमीचा आवाज घोगरा झाला होता. तिनं देवाच्या हातातला घास तसाच ठेवला, चूल विझवली नाही, भाकरी खाली उतरवली नाही. तिनं दोन्ही हात आभाळाकडं केले आणि शेवटचा जयघोष दिला.

जयघोषाला सगळी सभा उभी राहते. जिथं असेल तिथं, जागच्या जागी, हात वर करून. कोणी पुढं जात नाही, मागं जात नाही.

कमरेएवढ्या पाण्यातून माझी सासू उठली. कशी उठली, त्या गुडघ्यांवर, ते मला अजून सांगता येत नाही. उभी राहिली, दोन्ही हात टाळांसकट वर, तोंड आमच्याकडं. एक लाट आली, ती झुकली. आणि तिच्या पाठीमागून कैलासनं झेप घेऊन तिची कंबर धरली. दोघं मागं पडली. मला होडीची कड दिसली, पाय दिसले, मग काहीच दिसेना. मी गौतमीचा दंड एवढा घट्ट धरला होता की तिच्या दंडावर माझी बोटं उठली, तिनं दुसऱ्या दिवशी दाखवली.

होडीतून कैलासनं हात वर केला. मग त्याच्या शेजारी आणखी एक हात वर आला, बारीक, टाळ धरलेला.

होडी आधी त्यांना गावाला सोडून मग आम्हाला न्यायला आली. मधला वेळ आम्ही वाळूत बसून होतो. यांनी पखवाज गळ्यातून काढला नाही. दीपालीनं वर जाऊन हंडा आणला आणि कोणाला न विचारता सरबत दिलं.

बंदराच्या कमानीखाली गावातल्या बायकांनी आत्याबाईंना कोरडं लुगडं नेसवलं होतं, दोन चादरी गुंडाळल्या होत्या. मांड्यांना आणि तळहातांना कालवांच्या धारांनी चिरा पडलेल्या, त्यांवर हळद दाबलेली. समोर चहाचा कप, तसाच. ताठ बसल्या होत्या. मी म्हटलं, आता ह्या रडतील, नाहीतर यांना मारतील. हे पायावर डोकं ठेवून हुंदके देत होते, त्यांनी यांच्याकडं बघितलं नाही.

"आरती ऱ्हायली," त्या गौतमीला म्हणाल्या.

"आजी, आधी चहा घ्या. सगळं गार पडलंय तुमचं."

"आरती ऱ्हायली, माय. आरतीबिगर कीर्तन उठत न्हाई. आन् त्या बाईच्या चुलीवरची भाकरी तशीच ठिवलीस. करपली आसंल."

गुरवांनी देवळातून निरांजन आणलं. भर उन्हात, बंदराच्या कमानीखाली, माशांच्या टोपल्यांच्या मधे आरती झाली. गौतमीला गायला आवाज उरला नव्हता, म्हणून आम्हीच म्हटली. आत्याबाई बसून होत्या, डोळे मिटलेले, टाळ तालावर, एक ठोका चुकला नाही. मी त्यांच्या मागं उभी होते. त्यांचा खांदा माझ्या हाताखाली होता आणि तो दगडासारखा स्थिर होता.

निरांजन फिरलं. त्यांनी दोन्ही तळहात ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लावले, टाळ एकमेकांवर ठेवून दोरी गुंडाळली आणि मला दिले.

मग माझ्या हाताखालचा तो खांदा थरथरायला लागला. आधी खांदा, मग मान, मग सगळं अंग. दात वाजायला लागले. त्यांनी माझा हात शोधला, सापडल्यावर दोन्ही हातांनी धरला.

"अनसे," त्या म्हणाल्या, "मी लई भ्याले गं."

"व्हय, आत्याबाई."

"पानी हितपतुर आलं हुतं. हितपतुर." त्यांनी चादरीतून हात काढून दाखवलं, आणि तो हात तिथंच राहिला, छातीच्या खाली, जणू पाणी अजून तिथंच होतं. मी त्यांच्यामागं वाळूत बसले, त्यांना पोटाशी ओढून घेतलं, आणि ती थरथर माझ्यात यायला लागली.